लंडनमध्ये भाड्याचं घर: आधी लाइन, मग स्टेशन, मग गल्ली, घर सगळ्यात शेवटी

लंडनला नोकरी लागली, व्हिसा आला, तिकीट काढलं, की पुण्या-मुंबईतली मंडळी सगळ्यात आधी राइटमूव्ह ही घरांच्या जाहिरातींची साइट उघडून घरांचे फोटो बघत बसतात. चकचकीत किचन, छोटी बाल्कनी, खाली जिम. फोटो आवडला की भाडं बघायचं, भाडं जमलं की मेसेज टाकायचा. हा क्रमच उलटा आहे. घरात एखादी गोष्ट कमी असली तर थोडंफार सावरून घेता येतं, पण न जमणारी वस्ती रोज सकाळ-संध्याकाळ त्रास देते. मुंबईत वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. तिथे आधी वेस्टर्न की सेंट्रल ठरतं, मग स्टेशन, मग ईस्ट की वेस्ट, मग सोसायटी. लंडनमध्येही तसंच करावं.

पुढचं सगळं नोकरीसाठी येणारं जोडपं किंवा लहान मुलांचं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. विद्यार्थ्यांचं गणित वेगळं असतं.

भारतातून घर पक्कं करू नका

लंडनमधली भाड्याची घरं साधारण महिना-दीड महिना आधी बाजारात येतात आणि चांगली असली तर काही दिवसांत जातात. त्यामुळे तीन महिने आधी पुण्यात बसून हेरून ठेवलेलं घर तुम्ही पोहोचेपर्यंत राहत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तर विद्यार्थी, नव्या नोकऱ्या आणि शाळा सगळं एकदम सुरू होतं, तेव्हा फार घाई असते.

पहिल्या तीन-चार आठवड्यांची तात्पुरती सोय करा. कंपनी देत असेल तर उत्तम, नाहीतर सर्व्हिस्ड अपार्टमेंट किंवा ओळखीच्यांकडची खोली. हा खर्च जिवावर येतो, पण इथे काटकसर करू नका. वस्ती पायी फिरून पारखायला हेच दिवस मिळतात. मग भारतात असताना काय करायचं? लाइन आणि स्टेशनं ठरवायची. तेवढं काम घरबसल्या नीट होतं.

लाइन: ऑफिसपासून उलट या

टीएफएलच्या (लंडनची सार्वजनिक वाहतूक चालवणारी संस्था) जर्नी प्लॅनरमध्ये ऑफिसचा पोस्टकोड टाका आणि मंगळवारी सकाळी नऊला पोहोचायचं आहे असं सांगा. रविवारी दुपारी बघितलेल्या वेळेला काही अर्थ नाही. मग नुसती गाडीतली मिनिटं मोजू नका, दारापासून टेबलापर्यंतची मोजा: घर ते स्टेशन, फलाटावर थांबणं, गाडी, बदल, पुन्हा चालणं. नकाशावर पस्तीस मिनिटांचा दिसणारा प्रवास सहज पंचावन्नचा निघतो. माझं मत विचाराल तर गाडी बदलणं टाळण्यासाठी दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील. एकदा बसलात की पुस्तक उघडता येतं. मोठ्या स्टेशनात लाइन बदलायची म्हणजे बोगदे आणि जिने.

समजा ऑफिस कॅनरी वॉर्फला आहे. बँकांमधली आणि आयटीतली बरीच मराठी मंडळी तिथे जातात. तिथे ज्युबिली लाइन थेट जाते, म्हणजे त्याच लाइनवरची वेम्बली पार्क, किंग्सबरी, क्वीन्सबरी, स्टॅनमोर ही स्टेशनं आपोआप यादीत येतात. मे २०२२ मध्ये एलिझाबेथ लाइन सुरू झाल्यापासून वूलिच दहा मिनिटांच्या आत आलं आहे, आणि पश्चिमेकडून साउथॉल, हेझहूनही थेट गाडी मिळते. इलफर्ड मात्र त्याच लाइनच्या दुसऱ्या फाट्यावर आहे, तिथून व्हाइटचॅपलला गाडी बदलावी लागते. ऑफिस बेकर स्ट्रीट किंवा किंग्ज क्रॉसकडे असेल तर यादी बदलते. मग हॅरो-ऑन-द-हिलची मेट्रोपॉलिटन लाइन भाव खाऊन जाते.

नवीन येणारे एक गोष्ट हमखास नजरेआड करतात. ते फक्त ट्यूबचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा नकाशा बघतात. थेम्सच्या दक्षिणेला ट्यूब फार कमी आहे, म्हणून तो अर्धा भाग त्यांच्या यादीत येतच नाही. पण तिथे उपनगरी रेल्वेचं दाट जाळं आहे. क्रॉयडनला ट्यूब नाही, तरी ईस्ट क्रॉयडनहून जलद गाडी पंधरा-वीस मिनिटांत लंडन ब्रिज किंवा व्हिक्टोरियाला पोहोचते. झोन ४ मधल्या कित्येक ट्यूब स्टेशनांवरून त्याहून जास्त वेळ लागतो.

झोनचं थोडक्यात सांगते. झोन १ म्हणजे मध्य लंडन, आणि बाहेर जाल तसा आकडा वाढतो, प्रवासाचं भाडंही वाढतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात पीकचे दर लागतात. झोन १ मध्ये न शिरता जाता आलं तर प्रवास स्वस्त पडतो. काही बदलाच्या स्टेशनांवर गुलाबी कार्ड रीडर असतात, ते त्यासाठीच. वाटेत तिथे कार्ड टेकवलं की तुम्ही बाहेरून गेल्याची नोंद होते. बसला झोन नाही आणि एका तासात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच. म्हणून ऑफिस थेट बसच्या टप्प्यात असेल तर तो पर्याय आवर्जून तपासा.

गाडीतल्या सोयीचाही विचार करा, कारण वर्षभर तीच गाडी पकडायची आहे. मेट्रोपॉलिटन, डिस्ट्रिक्ट आणि एलिझाबेथ लाइनच्या गाड्या वातानुकूलित आहेत. सेंट्रल आणि बेकर्लू जुलैत तापलेल्या असतात. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवतात, त्याची यादी टीएफएल आधीच देतं. स्टेशनला दुसरी लाइन किंवा चांगली बस नसेल तर असे शनिवार-रविवार घरात जातात.

या टप्प्याअखेर हातात चार-पाच स्टेशनं उरायला हवीत. दहा उरली असतील तर अजून गाळा.

आपल्या माणसांच्या जवळ राहायचं का?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, तेव्हा त्याला सरळ भिडू. वेम्बली, केंटन, हॅरो हा गुजराती वस्तीचा पट्टा. साउथॉल पंजाबी. ईस्ट हॅमला तमिळ दुकानं आणि खानावळी. हाउन्स्लो, इलफर्ड, क्रॉयडन इथेही भारतीय भरपूर. मराठी माणसांचा असा एकगठ्ठा मोहल्ला नाही, आपण विखुरलेले आहोत. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ लंडन आहे, १९३२ साली स्थापन झालेलं. गणपतीत तिथे गेलात की कोण कुठून आलंय ते ऐकून कळतं, सगळ्या दिशांनी आलेले असतात.

मला वाटतं, किराण्यासाठी वस्ती निवडू नये. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर महिन्यातून एकदा जाऊन पोहे, ज्वारीचं पीठ, डाळी, कढीपत्ता आणता येतो. त्यासाठी रोज दीड तास प्रवास करायचं कारण नाही. पण दोन परिस्थितींत मी याच्या उलट सांगेन. घरात तान्हं बाळ असेल आणि दोघांपैकी एक जण दिवसभर घरी एकटं असणार असेल, तर शेजारी बोलायला माणूस हवं. आणि आई-वडील चार-सहा महिने येऊन राहणार असतील तर त्यांना पायी जाता येईल असं देऊळ, बाग आणि आपली भाजी मिळणारं दुकान हवं. नाहीतर ते खिडकीत बसून राहतात. हा विचार ऑफिसच्या वेळेइतकाच महत्त्वाचा आहे, त्याला कमी लेखू नका.

पैशाचं गणित

जाहिरातीत भाडं कधी आठवड्याचं असतं, कधी महिन्याचं. आठवड्याला ४५० पाउंड म्हणजे महिन्याला १,८०० नव्हे. ५२ ने गुणून १२ ने भागा, १,९५० येतात.

वार्षिक पगार महिन्याच्या भाड्याच्या तीसपट असावा, असा एजंटांचा सर्वसाधारण ठोकताळा. १,६०० पाउंडांच्या घराला ४८,००० पगार. दोघं कमावत असाल तर दोघांचा मिळून धरतात. पण जोडीदाराची नोकरी अजून लागलेली नसेल तर एकाच पगारावर बसणारी वस्ती शोधा.

भाड्यानंतर येतो कौन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक पालिकेचा घरावरचा कर, आणि तो भाडेकरूच भरतो. प्रत्येक घराला ए ते एच असा बँड असतो. तो १ एप्रिल १९९१ ला त्या घराची किंमत काय झाली असती यावर ठरलेला आहे. बँड सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकून बघता येतो. पण एकाच बँडचा कर प्रत्येक बरोमध्ये (स्वतःचं कौन्सिल असलेला लंडनचा विभाग) वेगळा. वेस्टमिन्स्टर आणि वॉन्ड्झवर्थमध्ये तो सर्वांत कमी, तर हॅरो, किंग्स्टनमध्ये त्याच बँडला दुपटीहून जास्त. केंटन रोडवर तर दोन बरोंची हद्द रस्त्यावरूनच जाते, एका बाजूला हॅरो, समोरच्या बाजूला ब्रेंट. वस्तीचं नाव तेच, दुकानं तीच, पण कौन्सिल वेगळं म्हणून कर, कचऱ्याचे नियम आणि शाळाप्रवेश सगळं वेगळं. घरात प्रौढ व्यक्ती एकच असेल तर करात २५ टक्के सूट असते, ती मागून घ्यावी लागते.

वीज-गॅसचा अंदाज ईपीसीवरून येतो. ए ते जी अशी ही ऊर्जा-श्रेणी, आणि भाड्याने द्यायच्या घराला काही अपवाद सोडता निदान ई तरी हवी. प्रमाणपत्र पत्त्यावरून फुकट बघता येतं. डी आणि ई मधला फरक जानेवारीच्या बिलात दिसतो. गॅसचा बॉयलर आहे की विजेचे हीटर हेही त्यात कळतं, आणि विजेवर घर तापवणं बहुधा महाग पडतं. नव्या टोलेजंग इमारतींत अख्ख्या इमारतीला एकच गरम पाण्याची यंत्रणा असते. तिथे पुरवठादार बदलता येत नाही, म्हणून आधीच्या भाडेकरूचं बिल किती यायचं ते एजंटला विचाराच.

आता वूलिच आणि क्वीन्सबरीची तुलना करताना भाडं, कर, दोघांचा प्रवासखर्च आणि हीटिंग अशी बेरीज करून बघा. शंभर पाउंड स्वस्त वाटलेली वस्ती बरेचदा महाग निघते.

मुलं असतील तर शाळा आधी

सरकारी शाळेत प्रवेश देताना घर ते शाळा अंतर हा मोठा निकष असतो. गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती अंतरावरच्या मुलाला मिळाला, हा आकडा कौन्सिल दरवर्षी जाहीर करतं. नावाजलेल्या शाळांत तो अर्ध्या किलोमीटरच्याही आत असतो. म्हणजे "त्या भागात चांगल्या शाळा आहेत" या वाक्यावर विसंबून चालत नाही. तुमच्या गल्लीचा पत्ता बसतो का, ते बघा.

मूल चार वर्षांचं झाल्यानंतरच्या सप्टेंबरमध्ये रिसेप्शनचा, म्हणजे शाळेचा सगळ्यात पहिला वर्ग सुरू होतो आणि त्यासाठी अर्जाची शेवटची तारीख त्याच वर्षीची १५ जानेवारी. माध्यमिकसाठी आदल्या वर्षीची ३१ ऑक्टोबर. वर्षाच्या मध्येच येणाऱ्यांना इन-इयर अर्ज करावा लागतो, आणि मग जिथे जागा रिकामी असेल ती शाळा मिळते. लहान वर्गांना ३० मुलांची कायदेशीर मर्यादा आहे, त्यामुळे ओळखीने एखादी जागा वाढत नाही. घर ठरवण्याआधी कौन्सिलच्या प्रवेश विभागाला फोन करा आणि तुमच्या मुलाच्या इयत्तेत आज कुठल्या शाळांत जागा आहेत ते विचारा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्याने यादी पार बदलू शकते.

शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडचे अहवाल वाचा, पण सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना एका शब्दाचा शेरा देणं बंद झालं आहे. एजंट अजूनही "आउटस्टँडिंग शाळेजवळ" असं लिहितात, तो शेरा किती जुना आहे ते तपासा. इलेव्हन-प्लसवर, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षीच्या निवडपरीक्षेवर प्रवेश देणाऱ्या ग्रामर शाळा सटन, किंग्स्टन, बार्नेट, बेक्स्ली अशा मोजक्या बरोंमध्ये आहेत. मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर हे आत्ताच डोक्यात असू द्या.

गल्ली: दोनदा जा, एकदा अंधारात

लंडनला पोहोचल्यावर यादीतल्या प्रत्येक स्टेशनवर स्वतः उतरा. घराची अपॉइंटमेंट नसली तरी चालेल. एकदा कामाच्या दिवशी सकाळी आठला आणि एकदा अंधार पडल्यावर. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो, म्हणजे हिवाळाभर घरी परतायचं ते अंधारातच. स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता तेव्हा बघा. दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का, मधे रेल्वेखालचा बोगदा किंवा बागेतली निर्जन पायवाट लागते का? त्या रस्त्याने घरातल्या सगळ्यांना निवांत चालता यायला हवं, फक्त तुम्हाला नाही.

पोलीस.यूकेवर महिनावार गुन्ह्यांचा नकाशा आहे. तो वाचताना नुसता आकडा बघून घाबरू नका. स्टेशन आणि बाजाराच्या रस्त्यावर दुकानातल्या चोऱ्यांमुळे आकडा फुगतो, आणि नकाशावरचे ठिपकेही मुद्दाम अंदाजे जागी टाकलेले असतात. तुमच्या निवासी गल्लीत घरफोड्या आणि रस्त्यावरच्या लुटालुटीची नोंद किती, तेवढं बघा.

आवाजाचं सविस्तर सांगायला हवं, कारण तो एका भेटीत फसवतो. हाउन्स्लो, आयझलवर्थ, क्यू, रिचमंड हे हीथ्रोला उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखाली येतात. वारा पश्चिमेचा असतो तेव्हा, म्हणजे बहुतेक दिवस, विमानं लंडनवरून येऊन उतरतात. त्या दिवसांत उतरण्याची धावपट्टी दुपारी तीन वाजता बदलतात, आणि पुढच्या आठवड्यात पाळी उलटी होते. म्हणजे तुम्ही दुपारी चारला घर बघायला गेलात आणि अगदी शांत वाटलं, तरी पुढच्या आठवड्यात त्याच वेळी दीड-दोन मिनिटाला एक विमान कौलांवरून जाईल. पहिली विमानं पहाटे साडेचारनंतर सुरू होतात. अशा भागात तीनच्या आधी एकदा आणि नंतर एकदा उभं राहून ऐका, आणि शेजाऱ्याला पहाटेबद्दल विचारा. लोक खरं सांगतात.

वेम्बली पार्कची तऱ्हा वेगळी. ९०,००० प्रेक्षकांचं स्टेडियम शेजारी आहे. सामना किंवा मैफल असली की स्टेशनवर गर्दी लोटते, पार्किंगचे नियम बदलतात. वर्षभराचं वेळापत्रक आधी बघून घ्या आणि चालणार असेल तरच तिकडे वळा.

एका फेरीत बाकीचं आटपतं: जीपीचा (फॅमिली डॉक्टरचा) दवाखाना तुमचा पत्ता घेतो का (त्यांची हद्द ठरलेली असते), औषधांचं दुकान, वाचनालय, बाग. रविवारी मोठी सुपरमार्केटं सहाच तास उघडी असतात, तेव्हा कोपऱ्यावर छोटं दुकान असलेलं बरं. गाडी घ्यायचा विचार असेल तर त्या पत्त्याला पार्किंग परमिट मिळतं का ते कौन्सिलला विचारा. कित्येक नव्या इमारतींना ते मिळतच नाही.

आता घर

लाइन, स्टेशन, गल्ली ठरली असेल तर घर बघण्याला जेमतेम पंधरा मिनिटं लागतात. ती ओलीसाठी वापरा. कपाट भिंतीपासून जरा ओढा आणि मागे टॉर्च मारा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटामागे काळे ठिपके असतील, किंवा कोपऱ्यात नवाकोरा पांढरा रंग बाकीच्या भिंतीपासून वेगळा दिसत असेल, तर बुरशी झाकली आहे. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या रबरावर बोट फिरवा. बाथरूमला खिडकी किंवा चालणारा पंखा आहे का बघा. आपल्या स्वयंपाकात वाफ खूप, भात-आमटी रोजची, आणि हिवाळ्यात खिडक्या बंद. तेव्हा शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की नुसती गाळून परत घरातच सोडतो, हे विचारा. खाली खानावळ असलेल्या घरांना वास आणि कचऱ्याचा त्रास असतो, ती स्वस्त का आहेत ते रात्री नऊला कळतं.

पैसे देण्याआधी

घर प्रत्यक्ष किंवा विश्वासू माणसामार्फत बघितल्याशिवाय एक पाउंडही देऊ नका. मालक परदेशात आहे, किल्ली कुरियरने येईल, आधी डिपॉझिट टाका, असं कोणी म्हणालं की तिथेच थांबा. शंका असेल तर लँड रजिस्ट्रीतून ७ पाउंडांत मालकाचं नाव काढता येतं.

घर राखून ठेवायला फार तर एका आठवड्याचं भाडं घेता येतं. डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं, वर्षाचं भाडं ५०,००० पाउंडांच्या आत असेल तर. महिना १,६०० भाड्याला ते १,८४६ पाउंड होतं. कागदपत्रं, ओळख तपासणी, करार यांसाठी भाडेकरूकडून फी घ्यायला २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. राहण्याच्या हक्काची तपासणी होते, त्यासाठी ई-व्हिसाच्या खात्यातून शेअर कोड काढावा लागतो, तो ९० दिवस चालतो.

इंग्लंडमधले भाड्याचे नियम नव्या कायद्याने १ मे २०२६ पासून बदलले आहेत आणि नव्याने येणाऱ्यांवर त्यांचा थेट परिणाम होतो. पूर्वी इथला क्रेडिट इतिहास नसलेले लोक सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देऊन घर मिळवत. आता एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता किंवा घेता येत नाही, आणि जाहिरातीतल्या रकमेवर बोली चढवणंही बंद. त्यामुळे जामीनदाराचं महत्त्व वाढलं आहे. कंपनी जामीन राहते का, हे ऑफर लेटर आल्याबरोबर एचआरला विचारा. नाही म्हणाले तर फी घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या असतात, त्यांचा खर्च हिशेबात धरा.

त्याच नव्या कायद्याने ठराविक मुदतीचे करार गेले. भाडेकरूला दोन महिन्यांची लेखी सूचना देऊन निघता येतं, आणि मालकाला कारण न देता घर रिकामं करायला सांगता येत नाही. म्हणजे हिवाळा काढल्यावर वस्ती पटलीच नाही, तर वर्षभर अडकून पडावं लागत नाही. किल्ली मिळाल्या दिवशी रिकाम्या घराचे फोटो काढा, मीटरचे आकडेही त्यात येऊ द्या. डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ठेवल्याची माहिती ३० दिवसांच्या आत मिळायला हवी, ती आली नाही तर एकतिसाव्या दिवशी एजंटला लेखी विचारा.